सुरू कशानं झालं, टिकलं कशानं

सकाळी 8.45

विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मानसिक आरोग्य विभागाची ओपीडी नऊला सुरू होते. त्याआधी मी बाकावर बसलेल्यांचे केसपेपर चाळून घेते. तक्रारीच्या रकान्यात ‘उदास वाटतं’ असं क्वचितच दिसतं. झोप लागत नाही, डोकं भणभणतं, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, अन्नावर वासना नाही, अशाच नोंदी असतात. यातले बरेच जण मेडिसिनच्या ओपीडीतून, ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर इकडे पाठवलेले. ‘तुम्हाला काहीही झालेलं नाही’ हे ऐकून ते आलेले असतात, आणि ते वाक्य खोडून काढणं हे माझं पहिलं काम. डिप्रेशनमध्ये झोप, भूक, वजन, चालण्याबोलण्याचा वेग, सगळं खरोखर बिघडतं. दुखणं खरं असतं.

पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे, त्यांची गावं, वयं, नाती मी बदलली आहेत. काही ठिकाणी दोघांची हकीकत एकत्र केली आहे.

9.00

मनोविकारतज्ज्ञ, सोशल वर्कर, सिस्टर आणि मी दहा मिनिटं उभ्याउभ्याच बोलून घेतो. नव्या पेशंटचं हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 पाहिलं का? दुसऱ्या आजारासाठी कुठली गोळी चालू आहे? दारू किती? आणखी एक प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतोच. कधी असेही दिवस आले होते का, की दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा हातात ठरत नाही, डोक्यात मोठमोठे बेत? उत्तर ‘हो’ आलं तर बायपोलर आजाराची शक्यता असते, आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. मिनिटभराचा प्रश्न आहे, पण त्यावर उपचाराची दिशा ठरते.

9.20

पंचेचाळिशीचे एक शेतकरी. मुलगा घेऊन आलाय. कापूस आणि थोडं सोयाबीन. वडील खाली बघून बोलतात, प्रत्येक वाक्याआधी मोठा थांबा. “मले काहीच करावंसं वाटत नाही ताई. वावरात गेलो तर धुऱ्यावर बसून राह्यतो.”

मी पीएचक्यू-9 ची प्रश्नावली काढते. क्रोन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेले हे नऊ प्रश्न आज जगभरच्या दवाखान्यांत वापरले जातात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असे किती दिवस गेले, झोपेचं काय, थकवा किती, स्वतःबद्दल वाईट वाटलं का. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 27. मी कागद त्यांच्या हातात देत नाही, वाचून दाखवते. लिहिता-वाचता येणाऱ्यांनाही वाचूनच दाखवते, कारण उत्तर द्यायला किती वेळ लागला, कुठल्या प्रश्नाला मान फिरली, हे त्या गुणांइतकंच महत्त्वाचं असतं.

नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा. तो आला की मुलाला मी बाहेर बसायला सांगते. नव्या समुपदेशकांना वाटतं, असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल. तसं होत नाही. उलट विचारलं की माणसाला हायसं वाटतं, कारण तोवर हे त्यानं कुणाशीच बोललेलं नसतं. मी आडून विचारत नाही. “जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का? ती वस्तू घरात आहे का?”

आहे. फवारणीच्या औषधाचा अर्धा डबा, गोठ्यातल्या कोनाड्यात.

आता बाकीचं सगळं बाजूला. त्यांची परवानगी घेऊन मुलाला आत बोलावते. तो तिथूनच आईला फोन लावतो. डबा आज, आत्ता, काकांच्या घरी कुलपात जाईल. पुढचे काही महिने फवारणीचं औषध घरी येणार नाही, लागेल तेवढं त्या दिवशी काकांकडून आणायचं. हे वरवरचं वाटतं, पण आत्महत्या रोखण्याच्या उपायांत याच्याइतका भक्कम पुरावा फार थोड्यांना आहे. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण फार मोठ्या प्रमाणात उतरलं. जिवावर उठणारी ती लाट बहुधा थोडा वेळच टिकते. त्या वेळात हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो.

मग एका कागदावर आम्ही तिघं मिळून लिहितो: विचार वाढायला लागले हे कशावरून कळेल (जेवण सोडतात, गोठ्यात एकटे जाऊन बसतात), तेव्हा आधी काय करायचं, कुणाला हाक मारायची, रात्री कुणी जवळ झोपायचं. खाली 14416, टेलि-मानसचा नंबर; ऑक्टोबर 2022 पासून तो रात्रंदिवस चालू आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. मुलगा दबक्या आवाजात विचारतो, “पोलीस केस तर नाही ना होणार?” नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं ठरवलंय आणि त्याच्यावर उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. या एका भीतीपोटी किती घरांनी ‘चुकून प्यायला’ असं सांगितलं असेल आणि तो माणूस तसाच घरी परत गेला असेल, या विचारानं मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

डॉक्टर गोळ्या सुरू करतात. पुढची भेट चार दिवसांनी.

10.40

सव्वीस वर्षांची बाई, कडेवर दोन महिन्यांचं बाळ. सोबत सासू. दुसरी मुलगी. सासू म्हणते, “बाळंतपण चांगलं झालं, खायला-प्यायला कमी नाही, मग हिला झालं तरी काय? कुणाची नजर लागली का काय?”

प्रत्येक घर हा प्रश्न घेऊन येतं आणि प्रत्येकाला एकच कारण हवं असतं. कर्ज, नजर, सून, मोबाइल, स्वभाव. एकच कारण बहुधा नसतंच. आनुवंशिकतेचा वाटा असतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो साधारण 37 टक्के धरतात. म्हणजे आईला झालं म्हणून मुलीला होईलच असं नाही. लहानपणीची मारहाण, अत्याचार किंवा आईबापांचा मृत्यू पुढे कित्येक वर्षांनी डोकं वर काढतो. त्यावर एखादं मोठं नुकसान येऊन पडतं. मेंदूतली रसायनं यात आहेतच, पण ‘सेरोटोनिन कमी झालं म्हणून डिप्रेशन’ इतकं सरळ ते गणित नाही.

मला या बाबतीत सर्वांत जास्त शिकवलं ते जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांच्या 1978 च्या पुस्तकानं. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा त्यांनी अभ्यास केला होता. संकटं अनेकींवर आली, पण सगळ्या खचल्या नाहीत. ज्यांना मनातलं सांगायला घरात जवळचं कुणी नव्हतं, ज्यांच्या अंगावर तीन किंवा जास्त लहान मुलं होती, ज्यांना घराबाहेर काम नव्हतं, ज्यांची आई त्या अकरा वर्षांच्या होण्याआधी गेली होती, त्या जास्त खचल्या. आपल्याजवळचा अभ्यास गोव्याचा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनच्या मुळाशी त्यांना गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मारहाण दिसली, आणि मुलगी झाली हेही दिसलं. विशेषतः आधीच गांजलेल्या बाईला मुलगी होणं. मुलाच्या जन्मानं तिला थोडं संरक्षण मिळत होतं, मुलीच्या जन्मानं ते गेलं. ही जखम समाजानं केलेली आहे, पण केसपेपरवर नाव त्या बाईचं येतं.

सासूला मी दोष देत नाही. तिला कामाला लावते. रात्रीचं एक दूध पाजणं झालं की बाळ सासूकडे, म्हणजे हिला सलग चार तास झोप. दुपारी अर्धा तास शेजारच्या जावेकडे जाऊन बसायचं, बाळाशिवाय. ‘दुसरी पण मुलगीच’ हे वाक्य घरात कुणीही उच्चारायचं नाही, पाहुण्यांनीसुद्धा नाही. आणि पाहुण्यांना अडवायची जबाबदारी सासूची. म्हातारी बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणते, “माह्याही पयल्या दोन पोरीच. मले कोणी इचारलं नव्हतं, बाई.”

पुढच्या भेटीला नवऱ्याला बोलावलंय.

11.45

आजची ही भेट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एसटीतले कंडक्टर, अडतीस वर्षांचे, बरेच दिवस रजेवर. वडील वारले, त्यानंतर सुरू झालं. तिसरी भेट आहे.

इथं मला जे सांगायचंय ते थोडं सविस्तर सांगते. डिप्रेशन ज्या कारणानं सुरू होतं, त्याच कारणानं ते टिकून राहतं असं नाही. वडील गेले हे सुरुवातीचं कारण. ते बदलता येणार नाही. पण त्यानंतर काय झालं बघा. दुःखामुळे ड्युटीवर जावंसं वाटेना. ड्युटी सुटली तशी सहकाऱ्यांची थट्टामस्करी सुटली, डेपोतला चहा सुटला, पगार कमी झाला. घरी पडून राहिल्यावर डोकं जुन्याच गोष्टी उगाळायला लागलं. दिवसा झोप झाली म्हणून रात्रीची गेली. मग ‘मी काही कामाचा नाही’ असं वाटायला लागलं आणि ते पटेल असा पुरावा रोज तयार व्हायला लागला. आता आजार याच्यावर जगतोय. उपचार इथंच करायचा असतो.

या पद्धतीला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. पीटर लुइन्सन यांनी 1970 च्या दशकात मांडलं की आनंद किंवा समाधान देणारे प्रसंग आयुष्यातून आटले की डिप्रेशन वाढतं. पुढे 1996 साली नील जेकबसन यांनी उपचाराचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसत्या कृतीच्या भागानंही पूर्ण उपचाराइतकाच गुण येताना दिसला. आणि गोव्यात संगत संस्थेनं 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत याचाच प्रयोग केला, तोही मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकरवी. 495 पेशंट, सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी या उपचाराच्या गटातले 64 टक्के बरे म्हणण्याजोगे झाले होते, नेहमीची वैद्यकीय सेवा मिळालेल्या गटात 39 टक्के. आपल्याच मातीतला हा पुरावा आहे, आणि तो गावागावात पोचला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कंडक्टरभाऊंनी आठवड्याचा तक्ता आणलाय, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आखलेला. प्रत्येक तासाला काय केलं आणि मन कसं होतं, 0 ते 10. हिशोबाची सवय असल्यामुळे रकाने सरळ आहेत. सकाळी सहा ते दहा: पडून, 1. दहा ते बारा: मोबाइल, 2. दुपार: पडून, 1. मंगळवारी साडेपाचला मात्र 5 लिहिलंय.

“मंगळवारी काय झालं होतं?”

“काही नाही मॅडम. शेजारचा पोरगा भागाकार घेऊन आला होता. त्याले शिकवलं.”

“बुधवारी?”

“तो आला, मीच नाही म्हटलं. मूड नव्हता.”

बुधवारच्या त्याच रकान्यात 1 आहे. मी काही बोलत नाही, दोन्ही रकान्यांवर बोट ठेवते. ते स्वतःच बघत राहतात.

मग ठरवायला बसतो. ‘मन लागलं की करीन’ हा क्रम उलटा करायचा: वेळ झाली की करायचं, मन लागो न लागो, आणि नंतर आकडा लिहायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेपाचला भागाकार. सकाळी साडेसहाला उठून नळाचं पाणी भरणं, कारण पाणी त्याच वेळेला येतं आणि टाळता येत नाही. तिसरं, डेपोत एकदा जाऊन यायचं. इथं ते अडतात. लोक विचारतील. काय सांगायचं? मग आम्ही तेच वाक्य घोकतो. “तब्येत बरी नव्हती, उपचार चालू आहे, पुढच्या महिन्यात बघतो.” चार वेळा म्हणतात. चौथ्यांदा आवाज जरा मोकळा होतो.

हे करताना वडिलांचं दुःख मी दडपत नाही. त्यासाठी एक पूर्ण भेट राखून ठेवली आहे. त्यांनी वडिलांची सायकल अजून अंगणातच ठेवली आहे, आणि त्याबद्दल त्यांना बोलायचं आहे.

1.30

डबा. सिस्टरनं ठेचा आणलाय. जेवताना पेशंटबद्दल बोलायचं नाही असा आमचा नियम आहे आणि आम्ही तो पाळतो.

2.15

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी. पुण्यात राहून अभ्यास केला, पूर्वपरीक्षा पुन्हा हुकली, गावी परत आली. तिचा विचार पक्का आहे: “मी घरावर ओझं आहे.”

फिलाडेल्फियाचे ॲरन बेक मूळचे मनोविश्लेषक. फ्रॉइडनं 1917 च्या निबंधात मांडलं होतं की खिन्नतेत स्वतःवर वळवलेला राग असतो. बेक यांनी डिप्रेशनच्या पेशंटांची स्वप्नं तपासली ती हा राग शोधायला. सापडलं ते अपयश, नकार, गमावणं. म्हणजे झोपेतही तेच, जे पेशंट जागेपणी स्वतःबद्दल म्हणत होते. तिथून त्यांनी पेशंटच्या जाणत्या विचारांकडे लक्ष वळवलं. स्वतः, जग आणि भविष्य, या तिन्हींबद्दल एकाच काळ्या बाजूचा विचार, हे त्यांनी दाखवलं आणि त्यातून कॉग्निटिव्ह थेरपी उभी राहिली.

‘चांगले विचार कर’ असा सल्ला या उपचारात नसतो. तो सल्ला तिनं पुष्कळ ऐकलाय आणि तो ऐकून तिला जास्त एकटं वाटलंय. आम्ही तिचा विचार तपासायला घेतो. ओझं म्हणजे नक्की काय? पैसे? मग किती? घरात हे शब्द कोण बोललं? ती आठवते, आठवते, आणि म्हणते, कुणीच नाही. पण बाबा गप्प असतात.

“गप्प असण्याची आणखी काय कारणं असू शकतील?”

ती तीन सांगते. तिसरं सांगताना रडते: त्यांनाही माझ्यासारखंच होत असेल का? आता याचं उत्तर माझ्या खोलीत मिळणार नाही. ती रविवारी बाबांना विचारणार आहे. कुठल्या शब्दांत, ते तिनं वहीत लिहून घेतलंय. उत्तर तिच्या भीतीसारखंच आलं तर काय करायचं, तेही आम्ही बोलून ठेवलंय, कारण उत्तर काय येईल याची हमी मी देऊ शकत नाही.

3.30

गोळ्या मध्येच सोडलेल्या एक बाई. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. आठ दिवसांत मळमळ झाली, फरक काही दिसेना, बंद केल्या. मी गोळ्यांच्या विरुद्ध नाही. मध्यम आणि तीव्र आजारात औषध आणि थेरपी दोन्ही मिळून जास्त चांगला गुण येतो. जो माणूस जेवत नाही, उठत नाही, बोलत नाही, त्याला मी तक्ता भरायला लावणं क्रूरपणाचं होईल. तिथं आधी औषध, कधी रुग्णालयात भरती, कधी ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्यांचा उपचार. बरं वाटल्यावरही गोळ्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात, कारण एकदा डिप्रेशन येऊन गेलेल्या सुमारे निम्म्या लोकांना ते पुन्हा येतं. डॉक्टर वेगळी गोळी, कमी मात्रेनं, रात्री जेवणानंतर घ्यायला देतात.

4.15

सकाळच्या शेतकऱ्यांच्या मुलाला सोशल वर्करनं थांबवून घेतलं होतं. पीककर्जाचे कागद, विम्याचा अर्ज, सावकाराचे किती, बँकेचे किती, हे सगळं एका पानावर आणलंय. थेरपीनं कर्ज फिटत नाही, आणि थेरपीनं सगळं सुटेल असा आव आणणाऱ्यांचा मला राग येतो. पण ‘सगळंच संपलं’ या धुक्यातून बाहेर येऊन ‘या महिन्यात बँकेत एक अर्ज द्यायचा आहे’ इथवर येणं, हे उपचाराचंच काम आहे. प्रश्न सोडवायला शिकवणारी थेरपीची स्वतंत्र पद्धतच आहे: अडचण एका ओळीत लिहा, सुचतील ते सगळे मार्ग लिहा, एक निवडा, करून बघा.

मुलाला मी आणखी एक गोष्ट सांगते. “बाबा, मन घट्ट करा” हे म्हणायचं नाही. ब्रिटनमध्ये 1976 साली व्हॉन आणि लेफ यांनी पाहिलं होतं की घरी जवळच्या माणसाची टीका जास्त असेल, तर बरा झालेला पेशंट पुन्हा आजारी पडायची शक्यता वाढते. त्यापेक्षा “चला, बैलांना पाणी दाखवून येऊ,” असं म्हणून सोबत उठायचं.

5.30

आज न आलेल्यांना फोन. दोघांचे लागत नाहीत. एकीच्या गावातल्या आशाताईंना निरोप देते. त्या म्हणतात, संध्याकाळी तिकडूनच जाणार आहेत, बघून येतात. न येणारा पेशंट बरा झाला म्हणून आला नाही असं धरून चालायचं नाही, हे मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. डिप्रेशनमध्ये बसचा प्रवाससुद्धा डोंगराएवढा होतो.

8.00

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतले समुपदेशक आणि मी, असे आम्ही पाच जण आठवड्यातून एकदा फोनवर एकत्र येतो. पेशंटच्या लेखी संमतीनं केलेलं एका भेटीचं रेकॉर्डिंग सगळे ऐकतात आणि ठरलेल्या निकषांवर गुण देतात: अजेंडा ठरवला का, मागच्या वेळचं काम विचारलं का, पेशंटला बोलू दिलं का. गोव्याच्या प्रयोगातही समुपदेशक एकमेकांची रेकॉर्डिंग्ज ऐकूनच शिकत होते.

आजचं रेकॉर्डिंग एका नव्या समुपदेशकाचं. साठीच्या विधुर गृहस्थांना रोज संध्याकाळी फिरायला जायचं काम दिलं होतं. ते म्हणतात, “एकही दिवस गेलो नाही, सर. माझ्यानं होत नाही.” पुढे समुपदेशक त्यांना धीर देत राहतो. चर्चा तिथंच रंगते. एक जण म्हणतो, काम बदलायला हवं. दुसरी म्हणते, आधी विचारायला हवं की नेमकं कुठं अडलं. घरातून निघताना, चपला घालताना, की फाटकाशी? रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकतो. गृहस्थांनी ते सांगितलंय, हळू आवाजात: फाटकाबाहेर पडलं की शेजारी ‘एकटेच?’ म्हणून विचारतात. पूर्वी दोघं जायचे.

मग पुढच्या भेटीचं असं ठरतं. आधी बायकोबद्दल बोलायला पुरेसा वेळ. मग फिरण्याचं काम लहान करायचं: संध्याकाळी सहाला, मागच्या दारानं, विहिरीपर्यंत, नातवाला सोबत घेऊन. शेजाऱ्यांना काय उत्तर द्यायचं त्याची तयारी भेटीतच करून घ्यायची. आणि न जमल्याचे दिवसही तक्त्यात लिहायचे, किती वाजता उठावंसं वाटलं आणि किती वाजता पुन्हा बसलो, तेवढं तरी.